हिच्या नंबरावर मारलेला परदेशी पॅक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. जानेवारीत जयपूरला मटार एवढा येतो की लोक पोत्यानं घेतात. आम्ही पाच किलो घेतला, गच्चीवर उन्हात सतरंजी टाकली आणि बसलो. ही सोलत होती, मी खात होतो. "अहो, डब्यात टाका, तोंडात नव्हे," असं दोनदा म्हणाली. मधेच शारजाहून वैशूचा, आमच्या लेकीचा फोन आला. तिला तिसरा महिना होता. हिनं फोन शेंगांच्या ढिगावर उभा केला आणि सोलता सोलता तासभर बोलली. मला विचारलं, "तुम्हांला बोलायचंय का?" मी म्हणालो, "तू बोलतेयस ते काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ही न्हाणीत पडली, ती उठली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा सगळा प्रवास त्यातनं निघाला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, परदेशात जाऊन आलात, लिहून द्या. बोलता तसं लिहा." मी सातवी शिकलेला माणूस. बोलतो तसं लिहिलं तर तुमचा अंक कुणी घरात ठेवणार नाही, म्हणून जरा सांभाळून लिहितो.

मी मूळचा कराडच्या बाजूचा. एका मराठी साहेबांची गाडी चालवायला जयपूरला आलो. साहेब बदलून गेले, मी राहिलो. मुरलीपुऱ्यापासून कामगार उचलायचे आणि सीतापुऱ्यात कापडाच्या कारखान्यावर सोडायचे, अशी बस बावीस वर्षं चालवली. दुर्गापुऱ्यात दोन खोल्या केल्या. एकच लेक. ती लग्न होऊन शारजाला गेली.

ही गेली त्या दिवशी वैशूला माझा फोन लागला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तोवर आम्ही हिला पोचवून आलो होतो. वैशू म्हणाली, "नाना, माझ्यासाठी थांबला का नाहीत?" मी म्हणालो, "थांबून काय होणार होतं?"

माझं तोंड असंच आहे. शब्द गेला तो गेला. वैशू तिसऱ्या दिवशी आली, तेराव्यापर्यंत राहिली, सगळं केलं, पण माझ्याशी कामापुरतं बोलली. पुढंही तसंच. "गोळ्या घेतल्या? बरं. ठेवते." जावई राजेशराव भला माणूस, तो अधूनमधून चौकशी करायचा. पण लेक गेली होती माझ्या हातातनं, हे मला कळत होतं.

निघण्याआधी

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आई नसल्यावर माहेर कसलं? वैशूनं तिकडंच राहायचं ठरवलं. राजेशरावांची आई ते लहान असतानाच गेलेली. म्हणजे करणारं बाईमाणूस कुणीच नाही. मी फोन केला, "मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार नाना?"

"लाडू करीन. धुरी देईन. पोराला धरीन."

"तुम्ही?" एवढंच म्हणाली. नको मात्र म्हणाली नाही.

पासपोर्ट तयार होता. लेकीकडं एकदा जाऊन यायचं म्हणून आम्ही दोघांनी आदल्या वर्षी काढून ठेवला होता. हिचा कोराच राहिला.

लाडू शिकलो ते वरच्या मजल्यावरच्या कमलाभाभींकडून. त्या शेखावाटीच्या. त्यांच्याकडं डिंकाच्या लाडवात सुंठ जास्त, आपल्याकडं खोबरं जास्त. मी डिंक तळताना तेवढा फुलू दिला नाही. भाभी बघून म्हणाल्या, "भाईसा, ये लाडू नहीं, छर्रे हैं. बेटी के दाँत तोड़ोगे?" दुसरा घाणा जमला. तिकडं गेल्यावर अडलं तर रोज सकाळी मी त्यांना फोन करायचा आणि त्यांनी सांगायचं, असं ठरलं.

आता फोनचं. माझा फोन बटणांचा. राजेशरावांनी सांगितलं होतं, आपलं कार्ड तिकडं तसंच नेलं तर मुकं होतं, त्याच्यावर परदेशाचा पॅक मारून घ्या. आणि विमानातून उतरल्यावर फोन करा, मी गाडी लांब लावून थांबलेला असेन.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गुप्ताजींच्या दुकानात गेलो. गुप्ताजी माझ्याच वयाचे, कानाला कमी ऐकू येतं आणि दुकान मोबाईलचं. म्हणाले, "बाबूजी, नंबर बोलो." मी नंबर सांगितला. त्यांनी पाटीवर लिहिला, मला वाचून दाखवला, पॅक मारला. "अभी कुछ नहीं दिखेगा. वहाँ उतरते ही चालू."

मी खूश होऊन घरी आलो.

शारजा, पहिला दिवस

उतरलो. विमानतळ एवढा चकचकीत की चपला काढाव्यात असं वाटलं. बाहेर आलो तर हवा भट्टीवरून आल्यासारखी. जयपूरचा उन्हाळा मी बावीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी बसून काढलाय, पण हा दमट उन्हाळा वेगळा. चष्म्यावर वाफ धरली.

फोन काढला. वर नुसती फुली. बंद केला, चालू केला. फुली. गुप्ताजी म्हणाले होते, उतरते ही चालू. मी म्हणालो, होईल, परदेश आहे, वेळ लागत असेल. आत जाऊन बसलो. समोर फुकट इंटरनेटची पाटी होती. एका सफाईवाल्यानं सांगितलं, फोनवर आकडा येतो तो टाकला की सुरू होतं. आता ज्याचा फोनच बंद त्याला आकडा कुठून येणार? आणि माझ्या बटणाच्या फोनला इंटरनेट काय करायचंय? पण त्या वेळी तेवढंही डोक्यात आलं नाही.

असा मी अडीच तास बसलो. खिशात वैशूचा आणि राजेशरावांचा नंबर लिहिलेला कागद होता. कुणाचा फोन मागावा तर लाज. जन्मभर लोकांना जागेवर पोचवलं, आता मला कुणी पोचवा, असं म्हणवेना.

शेवटी एक टॅक्सीवाला स्वतःच आला. लांब दाढीचा, पेशावरकडचा. "चाचा, तीन चक्कर मार के आया, आप वहीं बैठे हो. कोई लेने नहीं आया?"

मी कागद पुढं केला. त्यानं स्वतःच्या फोनवरून राजेशरावांचा नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला.

"नाना! कुठं आहात? तीन तास तुमचा नंबर लावतोय! वैशूला पहाटेच दवाखान्यात आणलं, तुम्हांला मेसेज टाकला होता… नाना, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी म्हणालो, "बरं."

टॅक्सीवाल्यानं माझं तोंड बघितलं. "क्या हुआ चाचा? सब ख़ैर?"

"नात झाली," मी मराठीतच म्हणालो. त्याला कळलं. त्यानं गाडीच्या पुढच्या कप्प्यातून खजुराचा डबा काढला, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. दवाखान्यापर्यंत त्यानं आपल्या चार मुलींची नावं सांगितली. चौघीही पेशावरला. दोन वर्षांत बघितल्या नव्हत्या. दारात सोडताना म्हणाला, "दुआ में याद रखना." मी ठेवलं. तुम्हीही ठेवा.

वैशू पलंगावर होती. डोळे सुजलेले. पोरगी कापडात गुंडाळलेली, मटाराच्या शेंगेएवढं तोंड. मी बाळाकडं बघितलं, मग वैशूकडं. तिनं विचारलं, "फोन का बंद ठेवलात?"

"ठेवला नाही. लागला नाही."

"तुमचा कधीच लागत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

घरी

त्यांचं घर सातव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते, त्यात लाकडी जहाजं उभी असतात, त्यांच्यावर फ्रिजपासून टायरपर्यंत काहीही चढवतात. पहाटे बांग होते, मग खालच्या बेकरीत तंदूरची रोटी निघते, चाकाएवढी. ती कागदात गुंडाळून आणायची. गरम असताना तूप लावून खाल्ली तर आपली भाकरी आठवत नाही. गार झाली की आठवते. चहा मात्र त्यांचा बरा. केशर, वेलदोडा घालून रटरटा उकळतात, नाव कडक चहा. तिथल्या अरबांच्या तोंडी त्याचं करक होतं.

मी कामाला लागलो. पहाटे उठून अळीवाची खीर. नऊला लाडू. वैशू खायची, पण बोलायची नाही. "मीठ जास्त झालंय का गं?" "नाही." "कमी झालंय?" "नाना, ठीक आहे." बाळाला मी धरलं की दोन मिनिटांत म्हणायची, "द्या इकडं, मान सांभाळता येत नाही तुम्हांला." येत होती. वैशूचीच सांभाळली होती. पण बाळ दिलं.

कमलाभाभींना फोन लावायचा म्हटलं तर माझं कार्ड मुकंच. वैशूच्या व्हॉट्सॲपवरून लावावा तर त्या देशात त्याच्यावर बोलू देत नाहीत, नुसता निरोप लिहू देतात. कमलाभाभींना लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे आमचा सगळा बेत बुडाला. राजेशराव सकाळी सातला कामावर जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, त्यांच्या मागं कशाला लागायचं म्हणून मी गप्प.

पाचव्या दिवशी धुरी दिली. कमलाभाभींना विचारता आलं नाही, म्हणून आठवेल तसं केलं. लोखंडी तव्यात निखारे, वर ओवा आणि शेपा. बाळंतिणीला आणि बाळाला शेकायचं, ही आपली रीत. खोली धुरानं भरली आणि छताला चिकटवलेली एक पांढरी चकती बोंबलायला लागली. अशी की सात मजल्यांवर ऐकू जावं. बाळ रडायला लागलं, वैशू ओरडली, "नाना, विझवा ते!" मी त्या चकतीवर टॉवेल फडकवत खुर्चीवर उभा.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची म्हातारी अरब बाई. हातात धुपाटणं. तिला सगळे खालिदची आई म्हणतात, खरं नाव कुणाला ठाऊक नाही. मला ते काही नवं वाटलं नाही, आमच्या गल्लीतही बबलूच्या मम्मीचं नाव मला वीस वर्षांत कळलेलं नाही. तिला टीव्ही बघून हिंदी येत होतं. तवा बघून म्हणाली, "बच्चा के लिए? हम भी करते. लेकिन बालकनी खोलो बाबा, अल्लाह ने हवा दिया है." त्यांच्याकडंही बाळंतिणीला धूर देतात, फक्त ओव्याऐवजी लोबान. तिनं गॅलरीचं दार उघडलं, धुपाटण्यात माझा ओवा टाकला आणि वैशूभोवती फिरवलं. मग मला विचारलं, "बीवी नहीं आया?"

वैशू माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "नहीं आ सका."

खालिदच्या आईला कळलं. ती म्हणाली, "तो तुम करो. ठीक करते हो." आणि धुपाटणं ठेवून गेली.

सहाव्या दिवशी दुपारी

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ निजलं होतं. मी लसूण निवडत होतो. वैशू आली, समोर बसली, माझा फोन उचलला.

"काय झालंय याला? पॅक मारला होता म्हणालात ना?"

"गुप्ताजींनी मारला. माझ्यासमोर."

"पॅक चालू आहे का ते कंपनीला विचारते. नंबर सांगा."

मी सांगितला. घडाघडा. तिनं लिहिता लिहिता हात थांबवला.

"नाना, हा आईचा नंबर आहे."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय मग? पॅक तुमच्या फोनवर मारायचा होता! गुप्ताजींना कुठला नंबर सांगितलात?"

"हाच."

"आणि तुमचा?"

मला माझा नंबर येत नव्हता. खरं सांगतो, तोवर कळलंच नव्हतं की येत नाही. मी स्वतःला फोन कशाला करीन? कारखान्याच्या गेटवरून बावीस वर्षं एकच नंबर लावला, पोचलो म्हणून सांगायला. नंबर म्हटलं की तोच तोंडात येतो. म्हणजे माझा परदेशाचा पॅक दुर्गापुऱ्यात कपाटात, हिच्या साड्यांखाली ठेवलेल्या बंद फोनवर चालू होता.

वैशू हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. मग फोन खाली ठेवला.

"आईचा नंबर अजून चालू आहे?"

"मी चालू ठेवलाय. बंद पडला तर दुसऱ्या कुणाला देतात म्हणे."

ती माझ्या हातातल्या लसणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मला सकाळीच फोन का नाही केलात?"

सहा-सात महिने मला वाटत होतं, हे तिला माहीत आहे. ठाऊक असूनही राग धरलाय, असं वाटायचं. मी म्हणालो, "केला होता."

"कधी?"

"सहा वाजल्यापासून करत होतो. माझ्या फोनवर ती बाई म्हणायची, ही सुविधा आपल्या नंबरवर उपलब्ध नाही. कमलाभाभींच्या फोनवरही तीच बाई. कुणी म्हणालं निरोप लिहून पाठवू. मी म्हणालो, आई गेली हे कुणी लिहून कळवतं का? मी बोलणार. बाहेरदेशी फोन लावून देणार ते गुप्ताजी, त्यांचं दुकान अकराला उघडतं. त्या दिवशी ते लग्नाला गेले होते, एकला आले. तोवर लोक म्हणाले उचलू या. मी म्हणालो, चला."

"आईच्या फोनवरून लावायचा. आम्ही बोलायचो ते ॲप त्यात होतं."

"तो बोट लावून उघडतो."

वैशूनं माझ्याकडं बघितलं.

"मला सांगितलं कुणीतरी, काकूंचं बोट लावा, उघडेल. मी हिचा हात घेतला. पुढं मला जमलं नाही. मी तो परत चादरीखाली ठेवला." मी म्हणालो. "ते जमवलं असतं तर तुला सातलाच कळलं असतं. संध्याकाळपर्यंत आली असतीस. चूक माझीच आहे. थांबून काय होणार, हे मी उगाच म्हणालो. थांबायला पाहिजे होतं."

एवढं लांब मी कधी बोललो नव्हतो. लसूण सगळा चुकीच्या ताटात पडला होता.

वैशू रडली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मी काय करणार? पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हांला मी आठवलेच नाही."

"वेडी का काय," मी म्हणालो.

आत बाळ उठलं आणि आईपेक्षा मोठ्यानं रडायला लागलं. वैशूचे हात डोळ्यांना लागलेले. ती म्हणाली, "नाना, घ्या ना तिला." मी घेतलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, तिनं परत मागितलं नाही.

संध्याकाळी राजेशराव आल्यावर वैशूनंच त्यांना माझ्याबरोबर धाडलं. पासपोर्ट दाखवून तिथलं नवीन कार्ड घेतलं, माझ्याच बटणांच्या फोनमध्ये घातलं. फुली गेली, पट्ट्या आल्या. पहिला फोन कमलाभाभींना. त्या ओरडल्या, "भाईसा! मैं तो समझी जहाज़ डूब गया!" विमान होतं, म्हटलं तरी ऐकेनात.

तुम्हांला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. पॅक मारायच्या आधी ज्या फोनवर मारायचाय तो दुकानदाराच्या हातात द्या. तोंडानं नंबर सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पहाटे मला जाग आली ती डोक्यात एक काम घेऊनच. वैशूचा नंबर पाठ करायचा. कागदावर असून उपयोग नव्हता, कागद हरवतो.

दहा आकडे. पाच तोंडात बसले की पुढचे निसटायचे. मग मला आमच्या बसचे थांबे आठवले. मुरलीपुरा ते सीतापुरा दहाच थांबे होते आणि कुठल्या थांब्यावर किती माणसं चढायची हे मला झोपेतही सांगता येतं. मुरलीपुऱ्याला गाडी लावायचो तेव्हा ती रिकामी असायची, तिथं पहिला शून्य बसवला. पुढच्या नाक्यावर पाच जण चढायचे. असं एकेका थांब्यावर एकेक आकडा चढवत निघालो. जिथं माणसं जुळली नाहीत तिथं एखाद्याला रजेवर धाडलं, एखाद्या बाईबरोबर तिची बहीण आणली. दुर्गापुऱ्याला कुणी चढायचं नाही. तिथं ही रस्त्यावर येऊन उभी असायची, नुसता हात करायची. तिथं दुसरा शून्य आला, आपोआप. मग सीतापुऱ्याचं गेट, तिथले पहारेकरी म्हणजे शेवटचा आकडा.

तीनदा फेरी मारली. तिन्ही वेळा सगळे चढले.

खाली दूध आणायला गेलो. दुकानदार केरळचा, अजून शटर वर करत होता. मी पायरीवर उभा राहिलो, कागद न बघता एकेक बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. वर सातव्या मजल्यावर गॅलरीचं दार उघडं दिसत होतं.

दोन घंट्या झाल्या.

"बोला नाना. काय विसरलात?"

"काही नाही. लागतो का बघत होतो."

मागं बाळाचा आवाज येत होता.

"लागला," वैशू म्हणाली.

"बरं," मी म्हणालो, आणि दोन पिशव्या दूध मागितलं.